बुडाली का निघाली?

...अन् वरून मलेच विचारत होते, "सर, तुमाले येवढंही माहीत नाही?" आता तुमीच सांगा जी, कसं माहीत राहीन? पुस्तकाचा भाग पहिला तवा माह्या कपाटात, भाग दुसरा कोनाच्या कपाटात ते देवाले माहीत, अन् ते पोरगी बुडाली का निघाली, ते मी सांगू?

थांबा, पहिलेपासून सांगतो. मी पुनाराम. देवरीकडच्या एका शाळेत ग्रंथपाल. हाफ टाइम ग्रंथपाल, फुल टाइम बाकी सगळं! नागपूरले जाऊन डिग्री घेतली, दशांश पद्धतीनं पुस्तकं लावाचं शिकलो, अन् इथं येऊन कपाट उघडलं तं पुस्तकं दोनच प्रकारचे... उंदरानं खाल्लेले अन् उंदरानं ठेवलेले. अकरा वर्षं झाले तुमाले सांगतो! "पुनाराम सर, सातवीचा तास घ्या, मॅडम सुट्टीवर आहेत." "पुनाराम सर, खडू संपला." "पुनाराम सर, तुमचं तं बरं आहे, बसून असता!" अरे बाप्पा, बसाले खुर्ची तं द्या! माही खुर्ची परीक्षेसाठी नेली, ते अजून आली नाही.

तं औंदा वरून पुस्तकं आले. एका कादंबरीच्या सहा प्रती. सहाही भाग पहिला! गठ्ठा उलटा केला, सुलटा केला, झटकला... भाग दुसरा नाही. म्हनलो जाऊ दे, वाचते कोन? नोंद केली, कुलूप लावलं.

खुशबूनं वाचलं ना जी! दहावीतली पोरगी, जंगलाकडच्या गावाहून सायकलनं येते. शनिवारी पुस्तक नेलं, सोमवारी प्रार्थनेच्या आधी दारात उभी. "सर, ते पोरगी बुडाली का निघाली?" म्हनलो, "कोन पोरगी वं?" म्हने, "पुस्तकातली! पुरात डोंग्यात बसते, मधात डोंगा उलटते, अन् खाली लिवलं आहे, भाग पहिला समाप्त. सर, दहावी झाली का मी चालली शाळेतून, मंग मले कोन सांगन?"

खरं सांगतो, डोळ्यात पानी आलं माह्या. अकरा वर्षांत लोकायनं खडू मांगितला, चाबी मांगितली, टाचनी मांगितली... पुस्तकातलं कोनी काही विचारलं नव्हतं! म्हनलो, पुनाराम, हिले उत्तर नाही देल्लं तं तुही डिग्री नेऊन टाक चुलीत.

मंग मीही बसलो वाचाले. वाचलं अन् फसलो! कारन डोंगा खरंच उलटला, अन् आता मलेही झोप नाही. सहाही प्रती पोट्ट्यायनं नेल्या, साऱ्या शाळेत एकच गोठ. देवकाबाई खिचडी शिजवते, ते हातात झारा घेऊन आली, "सर, ते लेकरू बुडालं का निघालं जी? मले घास जात नाही." हेडमास्तर! मिटिंगमध्ये निकाल झाला, शौचालय झालं, "आता आयत्या वेळचा विषय... पुनाराम सर, बुडाली का निघाली?"

येवढ्यात गोंदियाले प्रशिक्षण लागलं. 'शालेय ग्रंथपालांची भूमिका आणि सहकार्य.' पुन्याकडचे एक सायब आले होते, "ग्रंथपाल मित्रहो! आपण ज्ञानाचे सेतू आहात! शेजारच्या ग्रंथपालाचा हात हातात घ्या!" माह्या शेजारी सौंदडच्या रीता मॅडम. हात कसा घेऊ जी, जिल्हा लहान आहे! तं मी आपलं पुस्तकाचं विचारलं, अन् मॅडम खुर्चीतून उठल्याच. "भाग दुसरा? सहा आहेत माह्याकडं! सहाही दुसराच! पोट्टे विचारून राहिले, हे पोरगी डोंग्यात बसली कायले?"

म्हनलो, "ते सोडा मॅडम, बुडाली का निघाली?"

"मले काय माहीत? भाग पहिला वाचल्याबिगर मी भाग दुसऱ्याले हात लावत नाही. ग्रंथपाल आहो मी!"

आता तुमी म्हनसान, सोपं आहे, तीन इकडं, तीन तिकडं. अजी, तुमी ग्रंथपाल नाही! मॅडम म्हने, "सहा प्रती एका बिलावर, एका नोंदीत. संच फोडता येत नाही." म्हनलो, "नाहीच येत मॅडम!" येवढा आनंद झाला मले... नियम समजनारं मानूस अकरा वर्षांत पहिल्यांदा भेटलं! त्याच्यावर आमी दोन समोसे खाल्ले. मंग अर्ज, ठराव, दोन्ही हेडमास्तरच्या सह्या. ठरल्या दिवशी मी सहाच्या सहा बांधून देवरीले बसमध्ये ठेवले. कंडक्टर म्हने, "गुरुजी, फुटते का काही?" तिकडून मॅडमनंही सहाच्या सहा पाठवले. मधात कोहमाऱ्याजवळ दोन्ही बस एकमेकीले हॉर्न देऊन गेल्या असतीन.

सायंकाळी पार्सल सोडलं. सहा भाग दुसरा! खुशीखुशीनं कपाट उघडलं, भाग पहिल्याच्या बाजूले लावू म्हनलो... अन् भाग पहिला कुठं आहे?

मॅडमले फोन केला. "मॅडम..." "हो सर, मीही आत्ताच कपाट उघडलं." म्हनलो, परत पाठवू का? तं एकदा बदली झालेला संच वरच्या मंजुरीबिगर हालत नाही म्हने. मंजुरी म्हंजे, तुमाले माहीतच आहे... खुशबूची पोट्टी दहावीले येईन तवा.

खुशबूनं मातर वाचलं. दोन दिवसांनी वापस आनून देल्लं, टेबलावर ठेवलं, अन् हासली. म्हनलो, "सांग बाई एकदाची, बुडाली का निघाली?" म्हने, "सर, मी कायले सांगू? वाचा ना!" अन् गेली परीक्षेले. तुमाले सांगतो, तवा जे बरं वाटलं ते पगाराच्या दिवशीही वाटलं नाही. त्याच रात्री मीही भाग दुसरा वाचून काढला.

पन बाकीचे? ज्यायनं पहिला वाचला नव्हता ते डायरेक्ट भाग दुसरा नेतात अन् विचारतात, "सर, हे डोंग्यात बसली कायले?" भाग पहिला वाचलेला अन् घंटी होईपर्यंत रिकामा असलेला मानूस शाळेत एकच! मंग रोज सुट्टीत मी पायरीवर बसून साठ पोट्ट्यायले भाग पहिला सांगतो. अन् सुट्टी संपत नाही तं सौंदडचा फोन, रीता मॅडम, भाग दुसरा न वाचताच पाठवून बसल्या ना! "सर, स्पीकर चालू आहे, ज्यायनं दुसरा वाचला नव्हता ते पोट्टे बसून आहेत, सांगा, बुडाली का निघाली?" मंग तिकडं भाग दुसरा!

आता येवढंच राहिलं जी... पुस्तकावर लिवतात तसा कपाळावर दाखल क्रमांक लिवून घ्याचा, अन् शाळा सुटली का आपन होऊनच कपाटात जाऊन उभं राहाचं.