सतरावर अडकलेली पाटी

माझी दाढ ठणकत होती आणि दवाखान्यातली नंबरांची पाटी दुरुस्त करायला आलेलं जोडपं कॉम्प्युटरसमोर खिदळत होतं. पाटी सतरावर अडकलेली, माझा नंबर अठरा.

"अहो, झालं का?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"तासभर टाइप केलं, आता फाइल सेव्हच होईना. म्हणते, तुला परवानगी नाही."

"सिस्टिमची फाइल उघडताना सुडो लावून मालकाचा अधिकार घेतला नाहीत?"

"राहिलं. बंद करून पुन्हा उघडतो."

"म्हणजे तासाची मेहनत पाण्यात. हात काढा आधी."

"मग काय करू, बाईसाहेब?"

"आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. तिथून सुडो लावून जागेवर कॉपी करायची."

"हे घे, करतो."

"थांबा. आधी जुन्या फाइलची प्रत काढून ठेवा."

"तू असताना प्रत कशाला?"

"मी माहेरी गेल्यावर कोणाला विचाराल?"

"बरं, काढली. नवी पण बसवली."

"आता पाटी चालू करा."

पाटीवर अठरा उमटला. मी गाल धरून उठले आणि त्या नवऱ्यापाशी थांबले.

"बाळा, अक्कल तुझी बेताची. बायकोला जपून ठेव, हिची दुसरी प्रत निघायची नाही."