वहिनींचं पहिलं भाषण

दीर : दोनच मिनिटं, वहिनी. उभं राहायचं, हा कागद वाचायचा, बसायचं. दीपगृहांच्या दुरुस्तीचं विधेयक आहे. दीपगृहाला कोण विरोध करणार?

वहिनी : मग मी बोलले नाही तर दिवे विझतील का, भाऊजी?

दीर : चेष्टा नको. सकाळचा पेपर पाहिलात? वरिष्ठ सभागृहातल्या एकेकाची कामगिरी छापलीय. तुमच्या नावापुढे हजेरी पूर्ण, मतदान पूर्ण आणि भाषणं शून्य. चार वर्षांत शून्य! आणि खाली लिहिलंय, यांच्यापेक्षा सभागृहातलं घड्याळ बरं, ते निदान टोले तरी देतं.

वहिनी : छान लिहिलंय. मला हसू आलं.

दीर : मला नाही आलं. पक्षाचा प्रतोद मी, दादाच्या जागेवर तुम्हाला आणलं मी. लोक मलाच विचारतात, तुमच्या वहिनींना तोंड आहे की नाही?

वहिनी : ह्यांच्यामागे मला निवडलंत ते तोंड नाही असं वाटलं म्हणूनच ना? तुमचेच शब्द होते, 'वहिनी म्हणजे गरीब गाय, काही त्रास नाही.' मी चहा घेऊन दारातच उभी होते.

दीर : जुनं उकरून काढू नका. आज बोला म्हणतोय, तर तेही नको!

वहिनी : बोलणार आहे ना. पण आत्ता नाही. दुपारी.

दीर : दुपारी घरांचं विधेयक आहे.

वहिनी : म्हणूनच.

दीर : त्यावर कोण बोलणार ती नावं मी देऊन मोकळा झालोय. त्यात तुम्ही नाही.

वहिनी : पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला तुमची चिठ्ठी लागत नाही. सभापती स्वतः बोलावतात. मध्ये कुणी बोलायचं नाही, घंटा वाजवायची नाही, बसा म्हणायचं नाही. या सभागृहाची जुनी प्रथा आहे, आणि ती एकदाच वाट्याला येते. ती सवलत तुम्हाला आज सकाळीच दीपगृहावर संपवून टाकायची आहे.

दीर : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

वहिनी : चार वर्षं गप्प बसले होते, भाऊजी. झोपले नव्हते.

दीर : म्हणजे सगळं ठरवून चाललंय?

वहिनी : नाही हो. आधी नुसती भीती होती. मग भीती गेली, पण तुम्ही बोट दाखवाल ते बटण दाबायची सवय लागली. नंतर म्हटलं, राहू दे पहिलं भाषण शिल्लक. कधीतरी लागेल.

दीर : आणि लागलं ते आपल्याच पक्षाच्या विधेयकावर! अहो, आहे काय त्यात एवढं? घर पाडायच्या आधी ज्याचं त्याचं म्हणणं ऐकून घ्या, यात वर्षं जातात. ती अट काढतोय, बस. नुकसानभरपाई आहेच.

वहिनी : माझ्या आईचं घर पाडलं तेव्हा भरपाईही होती. फक्त ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. आई शिवणकाम करायची. तिला एवढंच सांगायचं होतं, आत लोकांचे कपडे आहेत, संध्याकाळपर्यंत थांबा. कुणी विचारलंच नाही. नंतर तीच बापडी दारोदार माफी मागत फिरली. ह्यांनी ती अट कायद्यात घातली ती आईच्या तोंडून हे ऐकल्यावर.

दीर : दादा गेला, वहिनी. काळ बदलला. बहुमत आमचं आहे. तुमच्या एका मतानं काय होणार?

वहिनी : काही नाही. मत विरोधातच देईन, पण मतदानाची वेळ तर यायला हवी. अधिवेशन आज पाच वाजता संपतंय. विधेयक राहिलं की राहिलं, निवडणुकीआधी पुन्हा बैठक नाही.

दीर : पाचपर्यंत बोलणार? तुम्ही? अहो, भलेभले पहिल्या भाषणाला घामाघूम होऊन पाच मिनिटांत खाली बसतात. म्हणून तर त्याला कुणी वेळ ठरवून दिली नाही!

वहिनी : मलाही घाम येईल. पुसून पुढे बोलेन.

दीर : पक्षातून काढतील. जागा जाईल, सरकारी घर जाईल. आणि त्या कागदावर सही मीच करीन, आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनी : करा. कामच आहे तुमचं ते.

दीर : मग उद्या आमच्याकडे कोणत्या तोंडानं याल?

वहिनी : ह्याच. तुमच्यासमोर आजवर ते जेवायलाच उघडलं, म्हणून अनोळखी वाटतंय.

(दुपार. वरिष्ठ सभागृह.)

सभापती : सन्माननीय सदस्य प्रथमच बोलण्यासाठी उभ्या आहेत. प्रथेनुसार सभागृहाने शांत राहावे.

वहिनी : आभारी आहे, सभापती महोदय. या विधेयकानं ज्यांची घरं जातील, त्या नदीकाठच्या वस्तीत मी बरेच दिवस जात होते. घरोघरी एकच विचारलं, तुमचं ऐकायला कुणी आलंच, तर काय सांगाल? सगळ्यांनी सांगितलं. ते मी आता सभागृहाला सांगणार आहे. एकही घर न गाळता.

दीर : सभापती महोदय, हरकतीचा मुद्दा! हे भाषण नाही, ही अडवणूक आहे. त्या वस्तीत शेकडो घरं आहेत!

सभापती : प्रतोदांनी बसून घ्यावे. पहिल्या भाषणात हरकत घेता येत नाही.

दीर : पण महोदय, वेळेचा काही...

सभापती : आपल्या पहिल्या भाषणात आपण तीनदा पाणी मागितले होते. सभागृह तीनदा थांबले. बसा. सदस्यांनी बोलावे.

वहिनी : वळणावरचं पहिलं घर. दार निळं आहे. आत एक आजी राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला अगदी जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, मी सावकाश बोलते हं, तुला घाई नाही ना? मी म्हटलं, नाही आजी. मला अजिबात घाई नाही.