दोन बिस्किटांचे आकडे

हसू नका, पण लग्नानंतर मी सासऱ्यांशी बोललेलं पहिलं वाक्य बिस्किटांबद्दल होतं. आमच्या घरी नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही.

मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, शुगर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी इन्सुलिनच्या सुईची भीती घातली होती. त्या दिवशी त्यांनी गोंदियाहून 'शुगर फ्री' बिस्किटांचा पुडा आणला आणि चहात बुडवून एकामागून एक खात बसले. "साखरच नाही, तर भेव कायचं?"

मी दाराआड पुड्याचं बाहेरचं रिकामं खोकं उलटून वाचलं. साखर शून्य, पण कर्बोदकं भरपूर, आणि तेही फक्त दोन बिस्किटांत. मी शेजारी उभ्या सासूबाईंकडे वळले.

"आई, यात मैदा आहे. त्याची पोटात साखरच होते. मामाजींना थांबवा ना."

"माझं कधी ऐकून राहिले का ते? तूच सांग."

मामाजींनी आणखी एक उचललं. मी पदर ओढून दारात आले. "मामाजी, हे आकडे दोनच बिस्किटांचे आहेत. तुमची आठ झाली."

त्यांचा हात थांबला. ते सासूबाईंना म्हणाले, "सुनेले सांग, आयकलो मी." आणि पुडा त्यांच्याकडे सरकवला. "घे, तू खा."

सासूबाईंनी तो तसाच माझ्या हातात दिला.

"आधी मीठ किती आहे ते वाच. मले बीपी आहे."