सासूबाई पुसल्या गेल्या

अहो, ओल्या फडक्यानं पुसू नये असं त्या तसबिरीवर लिहिलंय कुठं? आणि लिहिलं असतं तरी मला वाचता येतंय कुठं धड! तडकलेली काच काढली, धुळीवर हात फिरवला... आणि तुम्हाला सांगतो, सासूबाईंचा अख्खा चेहरा फडक्यावर! बायकोकडे तिच्या आईचा तेवढा एकच फोटो. ती बहिणीकडून चारला घरी पोचणार, आणि वाजलेले दोन.

सूनबाई म्हणाली, "घाबरू नका बाबा, मोबाइलवर एआयकडून नवा काढून घेऊ. लवकर हवा की स्वस्तात?" आता हे काय विचारणं झालं? घर पेटलंय आणि बंबवाला विचारतोय, पाणी गरम हवं की गार! म्हटलं, "लवकर!" तर म्हणते, "लवकरचे पैसे पडतात, फुकटाला रांग असते. आधी बारीक, कच्ची चित्रं स्वस्तात काढून बघू, जमलं की पैसे भरून एकच मोठं." पोर शहाणी हो, पण धीर कोणाला? "भारीतलंच काढ!"

"बरं, दिसायच्या कशा?"

"लिही, तोंडाचा चंबू."

पैसे गेले आणि आली की बाई... तोंडाच्या जागी पितळेचा चंबू!

"लवकर की स्वस्तात?"

लवकर गं! लिही, राग नाकाच्या शेंड्यावर... तर नाकाला आग लागलेली! घड्याळ पुढं, आणि भरलेले पैसे फस्त. "आता फुकटातलंच उरलंय, बाबा." या खेपेला नाक, कपाळ सरळ शब्दांत सांगितलं आणि बसलो रांगेत. जन्मात कधी सासूबाईंच्या वाटेकडे डोळे लावले नव्हते, ते लावले!

चाराला पाच कमी असताना आल्या. नाक बरोबर, कपाळ बरोबर... पण हसत होत्या! अहो, ती बाई आमच्या लग्नातसुद्धा हसली नव्हती! छापून चौकटीत सरकवतोय तोवर दार वाजलं.

बायको पिशवी हातातच धरून बघत राहिली. मला वाटलं, आता माझीच तसबीर भिंतीवर! मग म्हणाली, "ही माझी आई नव्हे."

मेलो!

"पण हसतेय हो... राहू दे." आणि डोळे पुसले. कशानं? त्याच फडक्यानं!

तुम्हाला सांगतो, तसबीर तिनं नेमकी माझ्या खुर्चीसमोर टांगली. जिवंतपणी रागवायच्या तेव्हा कारण तरी ठाऊक असायचं. आता दिवसभर माझ्याकडे बघून हसतात... का? म्हटलं, एआयलाच विचार गं. तर सूनबाई म्हणते, "लवकर हवं की स्वस्तात?"

राहू दे, म्हटलं. फुकटात घाबरतोय तेवढं पुरे.