मैनेची तारीख

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय रत्नप्रभाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आपले सत्कारमूर्ती डॉक्टर गोपीनाथ देवस्थळी, आणि नागपूरहून बिऱ्हाड उचलून या भोपाळात आलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

जनावरांच्या डॉक्टरांच्या निरोपाला बायकांपैकी कोण बोलणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण आमची मैना कुत्री. जे सांगणार आहे ते सभेत सांगायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. सासूबाई पहिल्याच रांगेत आहेत. त्यांना विचारूनच उभी राहिले आहे.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि ह्यांच्या कचेरीबरोबर आम्हीही इकडे आलो. गाव बदललं, घरचे रिवाज तेच राहिले. चार दिवस बाहेर बसायचं म्हणजे बसायचं. सासूबाईंनी ते मैनेलाही लावलं! ती माजावर आली की मागच्या व्हरांड्यात बांधायची, कुणी शिवायचं नाही. खरं सांगू? मला तिची सोबतच व्हायची.

गेल्या उन्हाळ्यात एक माज होऊन गेला आणि काही आठवड्यांत तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. सासूबाई म्हणाल्या, "हिला काही धरबंधच नाही. बांधा मागं." चाराचे सहा दिवस झाले. मैना खाईना, नुसतं पाणी पीत राहिली. तेव्हा ह्यांनी तांगा पाठवून डॉक्टरांना आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी माजावर कधी आली होती?"

मामंजी छताकडे पाहू लागले. हे चष्मा पुसू लागले. सासूबाई म्हणाल्या, "असल्या तारखा कोण ठेवतं?"

"एखादीला सहा महिन्यांनी माज येतो, एखादीला दहा, एखादीचा दिसतही नाही. त्यात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हा माज नसून गर्भाशयात पू झाला असेल, तर आजच पोट उघडावं लागेल. आणि उगीच उघडलं तर हिला तेही सोसायचं नाही. मला तारीख हवी."

आता सांगा, मी काय करायचं होतं? दाराआडून मीच म्हणाले, "मागच्या नव्हे, त्याआधीच्या संकष्टीच्या आदल्या दिवशी. सहा आठवडे झाले."

"नक्की?"

"नक्की. त्या दिवशी मीही बाहेरच बसले होते."

मामंजींसमोर मी असं बोलले आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी मात्र मान वर न करता तारीख लिहून घेतली. मग म्हणाले, "इतक्या लवकर दुसरा माज येत नाही, हा पूच. सहा दिवसांत कुणी अंगाला हात लावला असता, तर ताप कळला असता."

मैनेला तांग्यात सासूबाईंनीच मांडीवर घेतलं, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत त्या दवाखान्याच्या पायरीवरून उठल्या नाहीत. मैना वाचली.

डॉक्टर, तुमची आता जबलपूरला बदली झाली. तिथल्या मुक्या जिवांचं भाग्य. बायकांच्या तोंडी न शोभणारं काही बोलले असेन, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. आयोजकांचे आणि अध्यक्षांचे आभार मानते. पण तुमचे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचे आहेत, आणि ती तुम्हाला अजून कुणी सांगितलेली नाही. मैनेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यात मी सतरंजी उचलून मागच्या दारी निघाले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "सिंधू, आतच नीज. फार दुखतं का गं?"