कुजलेल्या जहाजांचं खरं

अथेन्सच्या बाजारात न्हाव्याकडे मी पाळीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या कुंभाराने समोरच्या म्हाताऱ्या जहाज-सुताराला हटकलं.

"थ्रासॉनदादा ना तुम्ही? 'जहाजं कुजलीत, पोरांना लढाईवर धाडू नका,' असं भर सभेत म्हणालात ते?"

"मीच. शिव्या घालायच्या असतील तर घाला."

"त्या तेव्हाच घातल्या. 'शत्रूने फोडलाय याला!' असं ओरडणारा मीच."

"तरीच! आवाज ओळखीचा वाटला."

"मतही तुमच्या विरुद्धच दिलं. पण चार हात तुमच्या बाजूने जास्त वर झाले आणि मोहीम थांबली. काल त्यातलं एक जहाज बंदरात बांधल्या जागीच बुडालं."

"कळलं मला."

"माझा लेक त्याच्यावरच वल्ही मारायला जाणार होता, दादा."

म्हाताऱ्याने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एवढे हजारो लोक अंगावर येत होते. भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण फळ्या मी तपासल्या होत्या. मी गप्प बसलो असतो, तर बोललं कोण असतं?"

"उपकार झाले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे."

"लेक कुठाय आता?"

"झोपलाय अजून. त्याच्या आईने आज हाकच मारली नाही. उशाशी बसून नुसती बघतेय."