मौनात डोळे मिटू नका

चामराजपेटेतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आलात, बरं केलंत. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. पण गप्प बसणं त्याहून अवघड आहे.

आत येताना दाराशी कुणीतरी म्हणालं, "राधक्का सुटली बिचारी." कशातून सुटली हो? आईच्या मांडीवर बसलेल्या या चार वर्षांच्या नातीतून? राधक्काला सुटायचं नव्हतं. तिला मीनूचं ऑपरेशन बघायचं होतं.

मीनूची श्वासनलिका जन्मापासून अरुंद. गळ्यातल्या नळीतून ती श्वास घेते. पुढच्या महिन्यात डॉक्टर बरगडीजवळच्या कूर्चेचा तुकडा लावून श्वासनलिका रुंद करणार आहेत. तोवर नळीत कफ अडकला, की मशीनने ओढून काढायचा. लगेच. आईबाप आनेकलच्या कारखान्यात. राधक्का एक डोळा शिवणावर, एक मीनूवर ठेवून बसायची.

आणि आपण? "त्या मशीनचा आवाज स्वल्प कमी करा," म्हणून सांगायला जिना चढून गेलो. हो, मीसुद्धा.

एकदा राधक्का बाजारात गेली. मीनूजवळ मी होते, पेपर वाचत. पोर अगदी गप्प. मनात म्हटलं, किती गुणी! कॉन्व्हेंटात मला हेच शिकवलं होतं, गप्प मूल ते चांगलं मूल. राधक्का आली, पिशवी टाकली आणि ओरडली, "अहो अक्का, रडतेय ती!"

नळीमुळे मीनूच्या रडण्याला आवाज नाही. गाल भिजलेले, ओठ निळे पडत चाललेले. माझ्यापासून दोन हातांवर.

नळी साफ झाल्यावर राधक्का म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या ना तुम्ही? मग हेही शिका."

"सरी, बरं," म्हटलं. शिकले. उद्यापासून मी बसेन. पण मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझाही डोळा लागतो. एकटीने होणार नाही. हार आणलेत, छान आहेत. त्यांना नळी साफ करता येत नाही.

आता दोन मिनिटं राधक्कासाठी उभं राहू या. मात्र डोळे मिटायचे नाहीत. मीनूकडे बघायचं. ती रडली तर ऐकू येणार नाही.

मी सांगेन तेव्हा बसा. ज्यांना शिकायचं आहे, त्यांनी उभंच राहा.